झाडं लावून मातीतले जड धातू निघतात का? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-बेलापूर रोडच्या आजूबाजूला राहणारे, तळोजा साईडला घर घेतलेले, वागळे इस्टेटच्या मागे गच्चीवर बाग करणारे, सगळ्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. जड धातू म्हणजे इथे शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा, निकेल, तांबं, जस्त. आर्सेनिकही यातच धरलंय, केमिस्ट्रीवाले म्हणतील तो पूर्ण धातू नाही, पण त्रास तोच देतो.

मोहरी किंवा सूर्यफूल लावलं की माती साफ होते असं रीलमध्ये बघितलं. खरंय का?

झाड मुळांवाटे पाण्यासोबत थोडा धातू ओढतं आणि त्यातला काही पानात-खोडात साठवतं, इथपर्यंत खरं आहे. रील तिथेच संपतं आणि खरा प्रश्न तिथून सुरू होतो. मातीत डिझेल सांडलं असेल तर मातीतले बॅक्टेरिया ते हळूहळू तोडून संपवतात, पण शिसं हे मूलद्रव्य आहे, ते कुणी तोडू शकत नाही, ना बॅक्टेरिया ना झाड ना आग. मातीतून निघालं तर झाडात गेलं, झाड कुजलं तर परत मातीत, जाळलं तर राखेत आणि धुरात. फक्त जागा बदलते. म्हणून या विषयात कुणीही काहीही दावा केला की एकच विचारायचं, धातू आता कुठे गेला?

सूर्यफुलाची प्रसिद्धी आली ती चेर्नोबिलमुळे. 1990 च्या दशकात तिथे जवळच्या तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुलं लावून मुळं पाण्यात सोडली होती आणि त्यांनी पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम बऱ्यापैकी ओढलं. पण ते पाणी होतं. मातीत चिकणमातीचे कण सीझियम असं धरून ठेवतात की मुळाच्या हाताला फारसं लागतच नाही, आणि 2011 मध्ये फुकुशिमाच्या अपघातानंतर जपानमध्ये शेतात सूर्यफुलं लावून बघितली तेव्हा तेच दिसलं, झाडात आलं ते अगदी किरकोळ. फोटो मात्र फार सुंदर आले, तेच अजून फिरतायत.

मग ही पद्धत नक्की करते काय?

याला फायटोरेमेडिएशन म्हणतात आणि त्यात दोन अगदी वेगळी कामं येतात जी लोक एकत्र कालवतात. एक म्हणजे धातू झाडात ओढून घ्यायचा, झाड कापायचं आणि जागेवरून घेऊन जायचं. दुसरं म्हणजे धातू काढायचाच नाही, आहे तिथेच मुळांनी धरून ठेवायचा, वरून हिरवं झाकण घालायचं म्हणजे उन्हाळ्यात धूळ उडणार नाही आणि पावसाळ्यात माती वाहून नाल्यात जाणार नाही. पहिलं काम ऐकायला भारी वाटतं. आपल्याकडे कामाचं आहे ते दुसरं. आपला पाऊस बघा ना, चार महिन्यात दोन-अडीच हजार मिलिमीटर पडतो, उघडी माती असेल तर ती थेट खाडीत.

पाऱ्याच्या बाबतीत तिसरा पण प्रकार आहे, झाडात जीन घालून पाऱ्याची वाफ करून हवेत सोडायची. लॅबमध्ये झालंय. हवेत गेला म्हणजे परत कुठेतरी खालीच येणार, त्यामुळे मला तरी तो पटत नाही.

आमच्या सोसायटीच्या मातीत जड धातू असतील का?

बघून सांगता येत नाही, वास नाही, रंग नाही, झाडं पण मस्त हिरवीगार दिसतात. जागेचा इतिहास काढायचा. टीटीसी म्हणजे ऐरोली-रबाळे-महापे-तुर्भे-नेरूळचा एमआयडीसी पट्टा साठच्या दशकापासूनचा, वागळे इस्टेट पण त्याच काळातली, आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं कुठला गाळ कुठे टाकला याची फारशी कुणाला पडलेली नव्हती. प्लेटिंगचं काम असेल तर क्रोमियम, निकेल, जस्त. रंग-पिगमेंट असेल तर शिसं, क्रोमियम, कॅडमियम. बॅटरी फोडणं, भंगार वितळवणं, ई-वेस्टच्या वायरी जाळून तांबं काढणं, याने शिसं हमखास.

कारखाना जवळ नाही म्हणून सुटलात असं नाही. नवी मुंबईत बरीच जागा भराव घालून वर आणलेली आहे आणि तो भराव कुठून आला, त्यात डेब्रिज किती, हे कुणाकडे लिहिलेलं नसतं. जुन्या बिल्डिंगचा रंग खरवडला की तो खाली झाडाच्या आळ्यात पडतो. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग) आत ठेवायचा नियम आपल्याकडे 2016 चा, त्यामुळे आधीच्या रंगांचा काही भरवसा नाही. शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं 2000 साली, पण शिसं मातीत वरच्या थरातच बसून राहतं, त्यामुळे जुन्या मोठ्या रस्त्यालगतच्या मातीत तेव्हाचं अजून असू शकतं.

माती तपासायची कुठे? माझ्याकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे, ती चालेल का?

नाही चालणार, आणि हा गैरसमज सगळ्यात कॉमन आहे. त्या पत्रिकेत 12 गोष्टी असतात, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं नाही, कॅडमियम नाही, क्रोमियम नाही. आणि जस्त-तांबं जे आहे ते पण पिकाला कमी पडतंय का हे बघायला असतं, विषारी आहे का हे बघायला नाही. त्यामुळे सगळं हिरव्या रंगात आलं म्हणून खुश होऊ नका.

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली प्रायव्हेट लॅब शोधा आणि फोनवर स्पष्ट सांगा की मातीतले टोटल हेवी मेटल्स पाहिजेत, आयसीपी मशीनवर (धातू अगदी बारीक प्रमाणात मोजणारं यंत्र), आणि नावं सांगा, शिसं, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक, निकेल, तांबं, जस्त, पारा. सामू पण करून घ्या, तो पुढे लागतो.

नमुना घेताना एका कोपऱ्यातून मूठभर माती उचलून देऊ नका. दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही सारखा 15 सेंटीमीटर खोल खड्डा करून त्याच्या बाजूची पातळ चकती घ्यायची, सगळं स्वच्छ प्लास्टिकच्या घमेल्यात एकत्र करायचं, खडे-काटक्या काढायच्या, पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे दोन टाकायचे, असं करत अर्धा-एक किलो उरला की पिशवीत. पत्र्याचं घमेलं किंवा गॅल्व्हनाइज्ड खुरपं वापरलं तर जस्त तुमच्याच अवजाराचं येईल. मुलं जिथे खेळतात तो कोपरा आणि भिंतीलगतचा पट्टा वेगळा पाठवा, सगळं मिसळलं तर सरासरीत वाईट कोपरा लपून जातो.

रिपोर्टमध्ये क्रोमियम 100 च्या वर आलंय, तांबं पण शंभराच्या आसपास. कारखान्याने केलं का हे?

थांबा. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे, काळा कातळ, आणि त्यापासून झालेल्या मातीत क्रोमियम, निकेल, तांबं, व्हॅनेडियम मुळातच जास्त असतं. त्यामुळे परदेशी वेबसाईटवरचा आकडा काढून आपल्या मातीला लावला तर पारसिकचा डोंगरसुद्धा प्रदूषित निघेल. दगडात बांधलेलं हे क्रोमियम बहुतेक त्रिसंयुजी असतं, फारसं हलत नाही. धोका आहे तो षट्संयुजी क्रोमियमचा, प्लेटिंग आणि क्रोमेटवाल्या धंद्यातून येणारा, पिवळसर, पाण्यात विरघळून विहिरीपर्यंत जाणारा. शंका असेल तर लॅबला हे षट्संयुजी, म्हणजे क्रोमियम सहा, वेगळं करायला सांगा.

शिसं मात्र बेसाल्टमध्ये फार कमी असतं, तेव्हा शिशाचा आकडा शेकड्यात आला तर तो माणसाचाच उद्योग समजायचा. कॅडमियम दोन-तीनच्या वर गेलं तरी तसंच. डोंगराकडची, जिथे कधी काही टाकलेलं नाही अशा जागेची एक पिशवी सोबत तपासून घेतली तर तुलना करायला सोपं जातं.

किती पीपीएमपर्यंत चालतं?

अमेरिकेत मुलं राहतात-खेळतात अशा मातीसाठी शिशाची पातळी बरीच वर्षं 400 पीपीएम होती, 2024 मध्ये ती 200 वर आणली. परसबागेसाठी मी तरी तेवढंच धरतो. आपल्याकडे 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी वेगळे नियम आणलेत, ते मोठ्या जागा शोधणं, तपासणं, कुणाकडून साफ करून घ्यायचं याबद्दल आहेत, तुमच्या कुंडीबद्दल नाहीत. शहरी कंपोस्टला मात्र खत नियंत्रण आदेशात मर्यादा आहेत, शिसं 100, कॅडमियम 5, क्रोमियम 50, निकेल 50, आर्सेनिक 10 पीपीएम, तेव्हा पोत्यातलं सिटी कंपोस्ट घेताना टेस्ट रिपोर्ट मागायला लाजू नका.

किती वर्षं लागतात? दोन-तीन सीझनमध्ये होईल ना?

हा हिशोब एकदा स्वतः करून बघाच, कारण एकदा केला की बाकीचे निम्मे प्रश्न पडत नाहीत.

एक गुंठा जागा घ्या, म्हणजे साधारण 100 चौरस मीटर. वरची 20 सेंटीमीटर माती धरली तर 20 घनमीटर, वजन अंदाजे 26 टन. शिसं 500 पीपीएम असेल तर एका टनात अर्धा किलो, म्हणजे त्या एका गुंठ्यात 13 किलो शिसं आहे. ते निम्मं करायचं म्हणजे साडेसहा किलो बाहेर काढायचं. आता मोहरीसारखं पीक, अगदी उदारपणे धरू की वर्षाला 100 किलो सुका पाला-खोड निघतं आणि त्यात शिसं 200 पीपीएम आहे (इतकं सहसा येत नाही). 100 किलोत 200 पीपीएम म्हणजे 20 ग्रॅम. वर्षाला 20 ग्रॅम काढून साडेसहा किलो संपवायला 325 वर्षं. पेशव्यांच्या आधी सुरू करायला पाहिजे होतं.

कॅडमियमचं गणित वेगळं येतं. मातीत 5 पीपीएम आहे, 3 वर आणायचंय, म्हणजे गुंठ्यामागे 52 ग्रॅम काढायचे. 50 पीपीएम साठवणारं झाड मिळालं आणि तेवढाच पाला निघाला तर वर्षाला 5 ग्रॅम, म्हणजे दहाएक वर्षं. हे शक्यतेच्या आतलं आहे, आणि प्रत्यक्षात थोडं जास्तच लागतं कारण जसजसं कमी होतं तसतसं झाडाला मिळणं पण कमी होतं. कॅडमियम मातीत सैल असतं, शिसं घट्ट चिकटलेलं असतं, सगळा फरक त्यातच आहे.

आणि हे फक्त मुळं पोचतात तिथपर्यंत. भराव दोन मीटर असेल तर खालच्याला मोहरीचा पत्ताच लागत नाही.

शिसं सैल करायला ईडीटीए टाकतात म्हणे, टाकू का?

नको. नव्वदच्या दशकात अमेरिकेत हे खूप गाजलं होतं, मोहरी लावायची, मातीत ईडीटीए (धातूला पकडून पाण्यात विरघळवणारं रसायन) टाकायचं, शिसं विरघळतं आणि मोहरी भरभर ओढते. ओढते खरी, पण जे ओढलं जात नाही ते विरघळलेलं शिसं खाली पाण्यात उतरतं, आणि ईडीटीए स्वतः लवकर कुजत पण नाही. आपल्या पावसात हे करणं म्हणजे बसलेलं शिसं उठवून बोअरवेलमध्ये पाठवणं.

कुठलं झाड कशासाठी?

आर्सेनिकसाठी नेचा, टेरिस व्हिटाटा नावाचा. 2001 मध्ये फ्लोरिडात लाकडाला औषध मारायच्या जुन्या जागेवर तो सापडला आणि त्याच्या पानात सुक्या वजनाच्या 2 टक्क्यांपर्यंत आर्सेनिक जमू शकतं असं निघालं, जे वाचून विश्वास बसत नाही. गंमत म्हणजे हा नेचा आपल्याकडे जुन्या भिंतींच्या सांध्यात, पुलाच्या दगडी कामात, चुना असेल तिथे पावसाळ्यात आपोआप उगवतो आणि आपण तो उपटून फेकतो. फक्त आपल्या भागात मुख्य दुखणं आर्सेनिक नाही, त्यामुळे हिरो आहे पण सिनेमा दुसऱ्या गावचा.

जस्त आणि कॅडमियमवर युरोपातलं नोकिया नावाचं एक छोटं रोप प्रसिद्ध आहे, मोहरीच्याच कुळातलं, थंडीतलं. तळहाताएवढं असतं, इथल्या मे महिन्यात आठवडा काढणार नाही. बिया ऑनलाईन मागवू नका.

अशी धातू साठवणारी झाडं जगात सातशेच्या वर नोंदली गेलीत, पण त्यातली बहुतेक निकेलवाली आहेत. शिसं खरोखर भरपूर साठवणारं, भरभर वाढणारं, आपल्या हवेत टिकणारं झाड म्हणाल तर नाहीये.

मोहरी-राई कॅडमियम आणि थोडं जस्त घेते, पण पाल्याची लोक भाजी करतात, माळ्याने काढून नेली तर? म्हणून खाण्याचं काहीच अशा जागेवर नको, अंबाडी नको, शेवगा नको. एरंड चांगला आहे, रेल्वेच्या कडेला घाणीत पण जोमाने येतो, गुरं तोंड लावत नाहीत, धातू बराचसा मुळात ठेवतो; बिया मात्र जबर विषारी, लहान मुलं असतील तिथे अजिबात नाही. झेंडूवर बरेच प्रयोग झालेत, कॅडमियम घेतो आणि आपण तो खात नाही, म्हणून लोकांना आवडतो. पण पुढे काय होतं बघा, फुलं देवाला, निर्माल्य कलशात, निर्माल्याचं खत, खत सोसायटीच्या भाजीच्या वाफ्यात. धातू परत घरी!

आणि वाळा. त्यावर वेगळं लिहितो.

वाळ्याचं एवढं कौतुक का?

कारण तो काढायचं नाटक करत नाही, धरून ठेवतो. मुळं सरळ खाली जातात, जमीन मोकळी असेल तर तीन-चार मीटर, शिसं बहुतेक मुळातच अडकवतो, वर पात्यात कमी पाठवतो. खारट माती, आम्ल माती, पाणी साचणं, मे महिना, सगळं चालतं. उतारावर ओळीत लावला की मातीचा बांधच तयार होतो. जो वाळा आपण लावतो त्याला सहसा बी धरत नाही त्यामुळे तो रानभर पसरत पण नाही.

लावायचा जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. ठोंब सुटे करायचे, प्रत्येकात दोन-तीन काड्या ठेवायच्या, पानं वीतभर आणि मुळं चार बोटं ठेवून छाटायच्या आणि उताराला आडव्या ओळीत 10-15 सेंटीमीटरवर लावायचे, अंतर जास्त ठेवलं तर मधून माती वाहते आणि सगळा उद्देशच जातो. पहिल्या वर्षी गवत काढावं लागतं, सावलीत नीट येत नाही. पुढे वर्षातून दोनदा गुडघ्याएवढा कापा आणि कापलेलं तिथेच आच्छादन म्हणून पसरा, बाहेर नेऊ नका, गुरांना घालू नका.

एक गोष्ट मात्र जागेवर पाटी लावून सांगा. आपल्याकडे उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकायची पद्धत आहे. या जागेवरची मुळं माठात, कूलरच्या ताटीत, उटण्यात कुठेच जाता कामा नयेत, कारण शिसं नेमकं मुळातच बसलेलं आहे.

तुळस, कडुलिंब, स्नेक प्लांट लावलं तर?

सावली आणि समाधान मिळेल. मातीतल्या शिशाला फरक पडणार नाही, आणि तुळशीची पानं आपण चावतो म्हणून ती तर चांगल्या मातीच्या कुंडीतच ठेवा.

रेल्वे लाईनच्या कडेची पालक-माठ खायची का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. पालेभाज्या, त्यात पालक आणि माठ, कॅडमियम बऱ्यापैकी घेतात. भेंडी, दुधी, टोमॅटो यांच्या फळापर्यंत कमी पोचतं. मुळा-बीटवर मातीच चिकटून येते. पाणी कुठलं आहे हे मातीइतकंच महत्त्वाचं, नाल्याचं असेल तर धातू रोज थोडा थोडा येतच राहतो. शिसं भाजीच्या आत कमी आणि पानावरच्या धुळीत जास्त असतं, त्यामुळे तीन-चार पाण्यात खळबळून धुतल्याने त्यात खरंच फरक पडतो. आत गेलेलं कॅडमियम धुऊन, शिजवून, उकळून जात नाही.

पिकवणाऱ्यांवर राग काढण्यात अर्थ नाही, त्यांना दुसरी जमीन कुणी दिलेली नाही. पण तुमच्या ताटाचं म्हणाल तर पालेभाजीचा विक्रेता अधूनमधून बदलत राहणं हा सोपा उपाय आहे, रोज एकाच जागेची भाजी पोटात जात नाही.

तलावातली जलपर्णी काढून खत करतात, ते वापरू का?

जलपर्णी पाण्यातलं कॅडमियम, शिसं, क्रोमियम जोरात ओढते, म्हणून पाणी साफ करायला तिचा वापर होतो. तेच कारण आहे की सांडपाण्याच्या नाल्यातल्या जलपर्णीचं खत भाजीला नको. शोभेच्या झाडांना घाला. कंपोस्ट करताना पाला कुजून वजन कमी होतं, धातू तेवढाच राहतो, म्हणजे खतात तो पाल्यापेक्षा जास्त दाट होतो.

खाडीतली तिवरं सगळं शोषून घेतात ना, मग खाडीची काळजी कशाला?

तिवरांच्या मुळाशी जो काळा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा चिखल असतो ना, काम तो करतो. तिथे प्राणवायू नसतो, गंधक सल्फाइडच्या रूपात असतं आणि ते तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम पकडून घट्ट खाली बसवतं. तिवरं तो चिखल धरून ठेवतात, स्वतःच्या पानात फारसं घेत नाहीत. ठाणे खाडीच्या गाळात इतक्या वर्षांचं बरंच काही असं पुरलेलं आहे.

आता हा चिखल खणून वर काढला, किंवा तिवरं तोडून भराव टाकायला सुरुवात केली की हवा लागते, सल्फाइडचं आम्ल होतं आणि पकडलेला धातू सुटतो. खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला तो पक्ष्यांसाठी, फ्लेमिंगोंचे फोटो आपण सगळेच टाकतो, पण ते ज्या गाळात चोच घालून खातात तो हाच. त्यामुळे इथे सफाई म्हणजे हात न लावणं, आणि वरून नवीन येणारं बंद करणं.

कापलेला पाला कुठे टाकायचा?

घरी करायला जाऊ नका म्हणतो ते यासाठीच. खरोखर धातू ओढलेला पाला ओल्या कचऱ्यात टाकला तर तो महापालिकेच्या खतात जातो. जाळला तर कॅडमियम, आर्सेनिक धुरातून शेजाऱ्याच्या नाकात. व्यवस्थित करायचं म्हणजे पाला तपासायचा आणि घातक निघाला तर घातक कचऱ्याच्या अधिकृत सोयीत द्यायचा, अशा सामायिक सोयी महापे आणि तळोजा दोन्हीकडे आहेत, पण त्या कंपन्यांसाठी आहेत, मेंबर होऊन, कागदपत्रं करून. म्हणून एखाद्या कंपनीने "आम्ही प्लॉटवर प्रदूषण शोषणारी झाडं लावली" असा बोर्ड लावला असेल तर पाला कुठे जातो हे विचारा. बऱ्याचदा उत्तर नसतं.

मग आमच्या सोसायटीने करायचं काय, शिसं 350 आलंय?

घाबरून माती खणून ट्रकने कुठेतरी टाकून येऊ नका, ती दुसऱ्याच्या दारात जाईल. उघडी माती एकही इंच ठेवायची नाही, लॉन, वाळा, झुडपं, पालापाचोळा, काहीही, पण झाकलेली पाहिजे, कारण शिसं पोटात जातं ते मुख्यतः धुळीतून आणि लहान मुलांच्या मातीच्या हातातून. खेळायच्या जागेवर जिओटेक्सटाईल (मातीवर अंथरायचं जाड कापड) टाकून वर चांगल्या मातीचा फूटभर थर किंवा पेव्हर. भाजी करायचीच असेल तर वाफा वर उचलून घ्या, खाली जाड कापड, वर एक फूट तपासलेली माती आणि खत. चपला दाराबाहेर, घरात झाडण्यापेक्षा ओलं पुसणं.

माती आम्ल असेल तर चुना घालून सामू साडेसहा-सातपर्यंत आणला की शिसं आणि कॅडमियम दोन्ही जास्त घट्ट बसतात. भरपूर कंपोस्ट पण मदत करतं. शिशावर रॉक फॉस्फेट किंवा हाडांचा चुरा चांगला चालतो, शिशाचं न विरघळणारं खनिज तयार होतं. पण रिपोर्टमध्ये आर्सेनिक असेल तर हेच उपाय उलटे पडतात, फॉस्फेट आर्सेनिकला मातीच्या कणांवरून ढकलून मोकळं करतं, चुन्यानेही ते सुटू शकतं. म्हणून आधी रिपोर्ट, मग पोतं.

आणि आकडा हजारात असेल, किंवा माती पिवळी-हिरवी दिसतेय, गाळ पुरल्यासारखा वाटतोय, तर बागकाम थांबवा आणि एमपीसीबीकडे (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ) लेखी तक्रार द्या, फोटो आणि लॅब रिपोर्ट जोडून. ते झाडांचं काम नाही.

भारतात कुठे जमलंय का हे?

जमलंय ते धरून ठेवण्याचं काम. आपल्याच राज्यात नागपूरजवळ गुमगावला मँगनीज खाणीच्या ओसाड ढिगाऱ्यांवर नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या लोकांनी साखर कारखान्याचं प्रेसमड (रस गाळून उरलेली मळी) आणि मुळांशी राहणाऱ्या बुरशी-जिवाणूंचं खत घालून देशी झाडांचं रान उभं केलं. लखनौच्या वनस्पती संशोधन संस्थेने औष्णिक केंद्रांच्या राखेच्या ढिगांवर झाडं जगवून दाखवली. दोन्हीकडे धातू काढून नेला नाही, उडायचा-वाहायचा थांबवला.

झाडातून धातू काढून विकतात म्हणे, तो बिझनेस इथे होईल का?

निकेलचा होतो, पण निकेलने भरलेल्या खास जमिनीवर. अल्बानियात करून बघितलंय, मलेशियाच्या सबाहमध्ये तर आपल्या आवळ्याच्या कुळातलं एक झुडूप यासाठी लावतात. न्यू कॅलेडोनियात एका झाडाचा चीक निळा-हिरवा येतो, सुकवला तर त्यात पाव भाग निकेल. आपल्या गुंठ्यातून वर्षाला निघणाऱ्या 20 ग्रॅम शिशाला भंगारवाला चहाचे पण पैसे देणार नाही.